बिघडला तरी घात न करणारा हीटर

वऱ्हाडातल्या हिवरखेडहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांपेक्षा लांब आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खोरे, मधे काळी जमीन. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या आसपास उतरतो. अशा गावात कुणी हजार लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडून त्यात प्रवाळ वाढवायचे ठरवले, की आधी मिठाची चौकशी होते, मग दिव्यांची, मग मासे कुठून मागवायचे याची. हीटरची पाळी शेवटी येते आणि तो प्रश्न दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत सुटतो. ही पुस्तिका त्या दोन मिनिटांसाठी लिहिली आहे.

त्या दोन मिनिटांत ऐकू येणारे वाक्य आपल्या भागात साधारण असे असते : “भाऊ, हजार लिटरले एक मोठा घ्या, काम फत्ते.” गोड्या पाण्याच्या छोट्या टाकीत हा सल्ला खपून जातो. गोल्डफिश चार अंशांचा फरक सहन करतो, गप्पीही करतो. प्रवाळ करत नाही. प्रवाळाच्या मऊ शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी तापले की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते, रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. समुद्रात त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने अधिक राहिले आणि ते काही आठवडे टिकले, तर विरंजन सुरू होते. एक अंश म्हणजे हाताला कळणारही नाही इतका फरक. मालवणच्या प्रवाळांनी हे भोगले आहे आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातले चौथे मोठे विरंजन जाहीर केले. घरातल्या टाकीत तर आठवडे लागत नाहीत. तिथे पाणी एका रात्रीत पाच अंश चढू शकते, आणि ते चढवणारी वस्तू आपणच दुकानातून पिशवीत घालून आणलेली असते.

म्हणून या पुस्तिकेची भूमिका पहिल्याच पानावर सांगतो. हीटर कधी ना कधी बिघडणार, हे गृहीत धरून तो निवडावा. किती वर्षे चालेल हा प्रश्न दुय्यम आहे. तो बिघडेल त्या रात्री टाकीचे काय होईल आणि पाण्यात हात घालणाऱ्या माणसाचे काय होईल, हे खरे विचारायचे प्रश्न आहेत. ‘विश्वासू हीटर’ असे आपण म्हणतो तेव्हा विश्वास एका नळीवर टाकायचा नसतो, सगळ्या मांडणीवर टाकायचा असतो.

या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला दोन ठिकाणांहून येतो आणि दोन्ही ठिकाणची हवा वऱ्हाडाची नाही. एक मुंबईचा. मुंबईत १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते समुद्राच्या काठावर, समुद्राच्याच पाण्यावर. मुंबईच्या दमट, उबदार हवेत खाऱ्या टाकीला हीटर जेमतेम लागतो. तिथला शौकीन पाणी थंड ठेवण्याच्या काळजीत असतो. तिथला अनुभवी माणूस “छोटासा हीटर पुरे” म्हणतो ते त्याच्या जागी खरे आहे. दुसरा सल्ला युरोप-अमेरिकेचा. तिथल्या घरात हिवाळ्यातही खोली वीस अंशांवर राखलेली असते. लिटरमागे अमुक वॅट असे जे कोष्टक डब्यावर छापलेले असते, त्यामागे तशी खोली गृहीत असते. आपल्या घरांना उष्णता देणारी कोणतीच यंत्रणा नाही. वर टिनपत्रे असतील तर जानेवारीच्या पहाटे खोली १५-१६ अंशांवर येते आणि दुपारी पुन्हा २७-२८ वर जाते. एका दिवसात एवढा झोका खाणाऱ्या खोलीसाठी ते कोष्टक बनलेलेच नाही.

तरीही हा शौक इथे अशक्य आहे असे मला मुळीच वाटत नाही. आकोट-तेल्हारा-अंजनगाव पट्ट्यात पानमळे आणि पानपिंपळी पिढ्यान्‌पिढ्या पिकवली गेली. थंडीचा कडाका आणि उन्हाळ्याची झळ दोन्ही न सोसणारी नाजूक वेल, आणि भोवती असा कोरडा मुलूख. मळ्याभोवती आडोसा करून, सावली धरून, ओल सांभाळून त्या लोकांनी स्वतःचे वेगळे हवामान उभे केले. प्रवाळाची टाकी राखणे हे त्याच जातीचे काम आहे, फक्त आडोशाच्या जागी काच आहे आणि ओलीच्या जागी वीज.

आता हिशेब. तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण सगळी निवड त्यावर उभी आहे. हजार लिटर समुद्रपाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१४ युनिट वीज लागते. म्हणजे एक हजार वॅटचा हीटर, उष्णता कुठेच गळत नाही असे धरले तर, एका तासाहून थोड्या जास्त वेळात पाणी एक अंश चढवतो. अडीचशे वॅटच्या हीटरला तेवढ्यासाठी साडेचार तास लागतात. पण उष्णता गळतेच. काचेतून गळते आणि त्याहून जास्त पाण्याच्या पृष्ठभागावरून, बाष्पीभवनाने. आपली हवा कोरडी. मोठी टाकी, खाली सम्प (पाणी फिरवून गाळणारी जोडटाकी), वर पंख्याचा वारा, अशा मांडणीत रोज दहा लिटर पाणी उडून जाणे मुळीच नवल नाही. दहा लिटर पाण्याची वाफ होताना ते जेवढी उष्णता घेऊन जाते, ती भरून काढायला सतत सुमारे २८० वॅटचा हीटर चालू ठेवावा लागतो. काचेतून जाणारी उष्णता निराळी : खोली आणि पाणी यांत दहा अंशांचा फरक असला तर दीडेकशे वॅट. म्हणजे आपल्याकडच्या हजार लिटरच्या टाकीला कडाक्याच्या रात्री चारशे ते साडेचारशे वॅटची गळती धरावी लागते.

या आकड्याचा उपयोग असा. एकटा हीटर या गळतीपेक्षा लहान असावा, आणि एक हीटर मेला तरी उरलेले मिळून या गळतीपेक्षा मोठे असावेत. दोनशे वॅटचे चार घेतले तर हे दोन्ही साधते. त्यातला एक चालू अवस्थेत अडकून बसला, तरी हिवाळ्याच्या रात्री दोनशे वॅट गळतीच्या निम्मेच असतात. पाणी जास्त तापवायला तो पुरतच नाही, बाकीचे तीन आपोआप तेवढे कमी चालतात आणि तापमान जागेवर राहते. त्यातला एक बंद अवस्थेत मेला तर सहाशे वॅट उरतात आणि टाकी तग धरते. याच जागी हजार वॅटचा एकच हीटर असता, तर अडकल्यावर सकाळपर्यंत पाणी ३० च्या वर गेले असते आणि मेल्यावर २० च्या खाली जाण्याच्या वाटेवर असते. पैशांच्या हिशेबात चार लहान हीटर एका मोठ्यापेक्षा महाग पडतात. तो फरक मी विम्याचा हप्ता समजतो, आणि टाकीतल्या जिवांच्या किमतीपुढे तो फार लहान आहे.

हीटर बिघडतो कसा, हे जाणून घेतले की निवड सोपी होते. नेहमीच्या काचेच्या हीटरमध्ये सिरॅमिकच्या गाभ्याभोवती नायक्रोमची तार गुंडाळलेली असते आणि वरच्या भागात दोन धातूंची पट्टी असते. थंड-गरम होताना ती वाकते आणि संपर्क जोडते-तोडते. प्रत्येक तुटण्याच्या वेळी बारीक ठिणगी उडते. हजारो ठिणग्यांनंतर ते दोन बिंदू एके दिवशी वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग हीटर बंद होत नाही. सर्वांत घातक बिघाड हा, आणि तो बाहेरून दिसत नाही. लाल दिवा तर रोजच लागलेला असतो. दुसरा बिघाड काचेचा. पाणी बदलताना पातळी खाली गेली, हीटर उघडा पडला, तापला, आणि मग गार पाणी पडले की काच तडकते. अमेरिकेत २०११ साली एका मोठ्या कंपनीला लाखो हीटर परत बोलवावे लागले, कारण ते तापून फुटत होते. कंपनी मोठी असली म्हणून नळी फुटत नाही असे नाही. तिसरा बिघाड वरच्या टोपणातून आत शिरणाऱ्या दमटपणाचा. त्यातून पाण्यात वीज उतरते.

टायटॅनियमची नळी फुटत नाही आणि समुद्रपाणी तिला खात नाही, म्हणून मोठ्या टाकीसाठी मी तिला काचेच्या वर ठेवतो. पण तिच्यात बहुधा स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, ती बाहेरच्या कंट्रोलरवर अवलंबून असते, आणि धातूची असल्याने तिला अर्थिंग हवेच हवे. अर्थिंगच्या तारेशिवाय आलेली, दोनच पिनांची टायटॅनियम नळी परत करावी. स्टेनलेस स्टील ऐकायला टिकाऊ वाटते. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने त्याला बारीक खड्डे पडत जातात, तेव्हा ते नको. आणि आंघोळीचे पाणी तापवायचा रॉड तर एका रात्रीसाठीही टाकीत घालू नये. त्याच्या मुलाम्याखाली बहुधा तांबे असते. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ या सगळ्यांना विष आहे. त्यात थर्मोस्टॅट नसतो हे वेगळेच.

हीटरवर दुसरी राखण म्हणून वेगळा कंट्रोलर लावावा, यावर आता जाणत्या लोकांत फारसा मतभेद उरलेला नाही. टाकी २५.५ अंशांवर ठेवायची असेल तर कंट्रोलर २५.५ वर आणि हीटरचे स्वतःचे बटण २७ वर. रोजची चालू-बंद कंट्रोलर करतो, हीटरच्या पट्टीवर ठिणग्या पडत नाहीत, आणि कंट्रोलरचा रिले अडकलाच तर २७ वर हीटर स्वतः थांबतो. दोन्ही एकाच वेळी बिघडले तरच घात. बाजारात मिळणारा साधा डिजिटल कंट्रोलरही हे काम करतो, पण त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवायच्या. एक, त्याच्या रिलेची क्षमता डब्यावर लिहिलेली असते तेवढी पूर्ण कधी वापरू नये. १० अँपिअरच्या रिलेवर चार-पाच अँपिअर पुरे. दुसरी अधिक वाईट. त्याचा सेन्सर पाण्याबाहेर सरकला, तर तो खोलीची थंडी मोजतो, टाकी गार झाली असे समजतो आणि हीटर रात्रभर चालू ठेवतो. सेन्सर क्लिपने पक्का बसवावा, नुसता लोंबकळत सोडू नये. चार हीटर असतील तर दोन कंट्रोलर, प्रत्येकावर दोन हीटर, ही मांडणी मला सर्वांत निर्धास्त वाटते.

हीटर सम्पमध्ये कुठे बसवायचा, हा प्रश्न कोरड्या मुलखात मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा होतो. सम्पच्या शेवटच्या कप्प्यातून पंप पाणी वर ढकलतो, आणि उडून जाणाऱ्या पाण्याची सगळी घट त्याच कप्प्यात दिसते. रोज दहा लिटर उडत असेल आणि दोन दिवस गावाला गेलात, तर तिथला हीटर उघडा पडणार. म्हणून तो पातळी स्थिर राहणाऱ्या कप्प्यात, आडवा आणि तळाजवळ बसवावा.

व्होल्टेजबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण परदेशी पुस्तकांत हे प्रकरणच नसते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला तीनशे वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला फक्त १८४ वॅट देतो, आणि २६० व्होल्टला ३८३. आपल्या गावांत थंडीच्या दिवसांत, ओलिताच्या मोटरी चालू असताना, दिवे मंद होतात ते आपण पाहतोच. त्याच वेळी टाकीला उष्णतेची सर्वाधिक गरज असते. वर सांगितलेले चार हीटर १९० व्होल्टला साडेपाचशे वॅटच देतात. एक बंद पडला तर चारशेच उरतात, म्हणजे काठावरची बेरीज. अशा ठिकाणी पाचवा हीटर जोडण्याआधी गळती कमी करावी : टाकीच्या मागे, बाजूंना आणि खाली थर्मोकोल, रात्री वर झाकण, पंखा बंद. आणि एक सूचना अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांना. तिथून कुणी प्रेमाने आणलेला १२० व्होल्टचा हीटर इथल्या सॉकेटला लावला, तर तो ठरलेल्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक वीज ओढतो आणि काही क्षणांत जळतो, कदाचित फुटतोही. पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही.

आता माणसाच्या सुरक्षेकडे येतो. खरे तर पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण हेच आहे. समुद्रपाणी वीज फार चांगली वाहते. हीटर तडकला असताना टाकीत हात घालणारा बहुधा आपण नसतो. काच पुसणारी आई असते, मासा पाहायला स्टुलावर चढलेले पोर असते. म्हणून टाकीची सगळी वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून यावी. बाहेर जाणारी आणि परत येणारी वीज यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग चांगले असेल तर गळती जमिनीकडे जाते आणि आरसीसीबी कुणी हात लावायच्या आधीच पडतो. अर्थिंग नसेल तर तो पडतो तो माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागल्यावर. हा फरक लहान समजू नये. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती सुकून पट्टीपासून सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून वर पाणी सोडण्याची जुनी पद्धत याचसाठी आहे. उन्हाळाभर ते पाणी सोडत राहावे.

यातच एक बारकावा आहे. हीटर आणि पंप एकाच आरसीसीबीवर ठेवले, तर हीटरमधली बारीक गळती मध्यरात्री पंपही बंद पाडते. दोघांना वेगवेगळे आरसीसीबी द्यावेत. गारव्याने प्रवाळ मरायला वेळ लागतो, पण पाणी थांबले की प्राणवायू काही तासांत घटतो. समुद्रपाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. मासे, जिवाणू आणि प्रवाळ सगळे मिळून तो ओढत असतात. वीज गेल्यावर म्हणूनच इन्व्हर्टर हीटरला जोडू नये. घरोघरी असते त्या दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. पाचशे वॅटचे हीटर त्या तीन तासांच्या आत संपवतील, आणि तोच साठा एक लहान एअर पंप रात्रभर नव्हे, दिवस-दोन दिवस चालवेल. हजार लिटर पाणी स्वतःच उष्णतेचा साठा आहे. पंखा बंद, झाकण लावलेले, थर्मोकोल बसवलेले असेल तर तीन-चार तासांच्या भारनियमनात ते एखाद्या अंशापेक्षा फारसे उतरत नाही.

उन्हाळ्यात मात्र हीटर टाकीत असूच नये. मार्च सुरू झाला की तो बाहेर काढावा, व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून वर चढलेला चुना काढावा, केबल आणि टोपण तपासावे आणि कोरडा करून ठेवून द्यावा. मे महिन्यात पाणी आधीच २८-२९ वर असते. त्या दिवसांत दोनशे वॅटचा अडकलेला हीटरही टाकी संपवू शकतो, कारण गळतीचा आधार उरलेला नसतो. उन्हाळ्याचे काम आपली कोरडी हवाच करते. ज्या तत्त्वावर अकोल्यात घरोघरी कूलर चालतात, त्याच तत्त्वावर पाण्यावर सोडलेला पंखा टाकी काही अंशांनी गार ठेवतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत तो तेवढा चालत नाही, पण तेव्हा उष्माही उतरलेला असतो. पंख्याने उडालेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी खारे आहे म्हणून ते समुद्राच्या जवळचे, असा समज काही नव्या शौकिनांचा असतो. त्यातल्या क्षारांचे मिश्रण समुद्रासारखे मुळीच नाही. वाण प्रकल्पाच्या नळाचे पाणीही आरओतून काढूनच घ्यावे.

कायद्याचा मुद्दा हीटरच्या पुस्तिकेत का, असे कुणी विचारेल. ज्या जिवासाठी हा खटाटोप करायचा तो आला कुठून, हे आधी ठाऊक हवे, म्हणून. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीप, मन्नारचे आखात किंवा मालवणहून काढलेला तुकडा विकणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. परदेशातून कागदपत्रांसह आलेले, शेतीत वाढवलेले तुकडेच घ्यावेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजातींची जी नोंदणी सांगितली आहे ती करावी.

पुढच्या प्रकरणांचा क्रम खरेदीच्या क्रमाने नाही. पहिले प्रकरण तापमापक तपासण्यावर आहे. स्वस्त डिजिटल तापमापक एक-दोन अंश चुकीचे दाखवतात. डिस्टिल्ड पाण्यात बर्फाचा चुरा टाकून तो ० दाखवतो का ते पाहायचे, आणि जो फरक निघेल तो त्यावर लिहून ठेवायचा. दुसऱ्या प्रकरणात खोली मोजायची आहे. टाकी येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात, ज्या भिंतीशी ती उभी राहणार आहे तिथे, पहाटे पाच वाजताचे तापमान जानेवारीतला एक आठवडा वहीत टिपावे. सॉकेटमधले व्होल्टेज संध्याकाळी सात वाजता मोजून त्याच पानावर लिहावे. हे दोन आकडे हातात असले म्हणजे तिसऱ्या प्रकरणातले कोष्टक भरता येते, आणि दुकानात काय मागायचे ते कळते.